सहाव्या राउंडचे अकरा सेकंद

मी आयुष्यात कोणाला एक ठोसा मारलेला नाही. तरी भंडाऱ्यात दहा-बारा वर्षं लोक मला बॉक्सिंगवाले गुरुजी म्हणायचे. माझं काम एवढंच होतं की रिंगच्या खाली टेबलाशी बसायचं. डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या हातात लाकडी हातोडी, समोर पितळेची घंटा. तीन मिनिटं लढत, एक मिनिट विश्रांती. राउंड संपायला दहा सेकंद उरले की टेबलावरच्या फळीवर टकटक करायची, म्हणजे लढणाऱ्या दोघांनाही कळतं की आता संपत आलं. मग घंटा.

हे काम माझ्याकडे शाळेमुळे आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचो आणि तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धांत वेळ घ्यायचो. माझ्या घड्याळावर कोणी वाद घालत नसे. तेव्हा भंडाऱ्यात एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार पोरांना बॉक्सिंग शिकवत. ते एकदा शाळेत आले आणि म्हणाले, "गुरुजी, पंच मिळते, डॉक्टर मिळते. खरी वेळ देणारा माणूस मिळत नाही." मला ते बोलणं फार आवडलं. बाजारातल्या कासाराकडून घंटा मीच ओतवून घेतली.

सराव रोज दुपारी चारला सुरू व्हायचा. गोदामातून धानाच्या कोंड्याचा वास कधीच गेला नाही. पोरं घामाघूम झाली की कोंड्याची धूळ त्यांच्या अंगाला चिकटायची आणि सगळी एकाच रंगाची दिसायची. त्यांच्यात सानगडीचा एक पोरगा होता, आयटीआयसाठी भंडाऱ्यात खोली घेऊन राहणारा. उंच, अबोल. समोरच्याच्या हातांकडे तो बघत नसे, छातीकडे बघे, आणि ठोसा निघायच्या आधी बाजूला झालेला असे. प्रत्येक लढतीआधी तो माझ्या टेबलाशी यायचा.

"गुरुजी, घड्याळ बरोबर हाय न?"

"माझं घड्याळ नेहमी बरोबर असते."

तो हसायचा आणि रिंगमध्ये चढायचा. हे आमचं ठरून गेलं होतं.

मग नागपूरहून एक आयोजक आला. पांढरे बूट, दोन मोबाईल. तो म्हणाला, आता हौशी बॉक्सिंगचे दिवस गेले, आता प्रोफेशनल. हेडगार्ड नाही, बनियान नाही, सहा-आठ राउंड, लाइट, संगीत, टीव्ही. सुभेदारांनी पोरांना रांगेत उभं करून सांगितलं, "प्रोफेशनलचं सर्टिफिकेट कोणत्याच भरतीत चालत नाही. लढायचं तर मेडलसाठी लढा, पोलिसात लागा, घरी जा."

सानगडीचा पोरगा एकटाच पुढे आला. "सर, मले लढाचं हाय. नोकरीसाठी नाही लढत मी."

सुभेदारांनी बाकीच्या पोरांना सरावाला पाठवलं.

पहिला शो मंगल कार्यालयाच्या लॉनवर झाला. लोक कंपाउंडच्या भिंतीवर बसले होते. सानगडीच्या पोराचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याची बायको पहिल्या रांगेत पदर तोंडावर धरून बसली होती. तो चौथ्या राउंडला जिंकला आणि लॉनवर असा ओरडा झाला की रस्त्यावरचे ऑटो थांबले. दुसरा शो आठ-नऊ महिन्यांनी झाला, तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती, आणि जे आले होते त्यातले बरेच मान खाली घालून मोबाईलवर तीच बघत होते. समोर दोन माणसं एकमेकांना रक्त येईपर्यंत मारत होती आणि टाळ्या षटकाराला पडत होत्या.

तिसरा शो शेवटचा ठरला. तो दिवस मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

थंडीचे दिवस होते, सूर्य नुकताच मावळला होता. आयोजकाने लग्नाच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पांढरी कव्हरं घातलेल्या, मागे गाठ मारलेल्या. माणसं फार तर पुढच्या चार रांगांत. मागे लॉनच्या टोकापर्यंत नुसत्या पांढऱ्या खुर्च्या. रिंगचे दिवे लागले आणि बाकी अंधार झाला तेव्हा त्या खुर्च्यांमध्ये कोणी तरी बसलं आहे असं वाटू लागलं. माणसांपेक्षा जास्त, आणि सगळे गप्प. मी दोनदा मागे वळून पाहिलं. सानगडीच्या पोरानेही पाहिलं. टेबलाशी येऊन तो म्हणाला, "गुरुजी, आज मागं कोण बसून राहिलं?"

"कोणी नाही."

"घड्याळ?"

"बरोबर आहे."

त्याच्यासमोर छत्तीसगडकडचा एक बुटका, डावखुरा माणूस होता. पाच राउंड आपला पोरगा सरळ पुढे होता. सहाव्यात, म्हणजे शेवटच्या राउंडमध्ये, बुटका दोरखंडाला टेकला, त्याचे गुडघे वाकले. मी दहा सेकंदांची फळी वाजवली. पोरगा तुटून पडला. आयोजक माझ्या खुर्चीमागे येऊन वाकला. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"थांबा गुरुजी, थांबा. आता पडते तो. एक नॉकआउट पाहिजे, नाही तर खेळ संपला आपला."

घड्याळात तीन मिनिटं झाली. हातोडी माझ्या हातात होती. मी ती उचलली नाही.

सगळं आयोजकावर टाकणं सोपं आहे. मी तसं बरीच वर्षं केलं. पण खरं हे की मलाही तेच हवं होतं. मला त्या रिकाम्या खुर्च्यांचा राग आला होता. वाटलं, हा बुटका पडला तर निदान पुढच्या चार रांगा तरी उभ्या राहून ओरडतील. आठ सेकंद वर गेले, नऊ, दहा. अकराव्या सेकंदाला बुटक्याने दोरखंडावरून उसळी मारली आणि त्याचा डावा हात पोराच्या कानशिलावर बसला. तो आवाज ओलं पोतं फरशीवर टाकल्यासारखा होता. पोरगा गुडघ्यांवर आला, मग बसला. मी घंटा वाजवली.

पंचांनी मोजायला सुरुवात केली आणि नवाला तो उठला. गुणांवर तोच जिंकला, पंचांनी त्याचा हात वर केला. अकरा सेकंदांबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. माझं घड्याळ नेहमी बरोबर असायचं ना. थोड्या वेळाने तो टेबलाशी आला, हातात अजून ग्लोव्हज, ओठांवर हसू.

"गुरुजी, कोणता राउंड सुरू हाय?"

आजूबाजूचे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

त्यानंतर मी घंटा घरी नेऊन ठेवली आणि बरीच वर्षं तिला हात लावला नाही. शाळेचं काम वाढलं असं सांगितलं. आयोजकाचे दोन्ही नंबर पुढे लागेनासे झाले. सानगडीचा पोरगा बाहेरगावी दोन-तीन लढती हरला, मग दिसेनासा झाला. सुभेदार वारले. गोदामात आता आरशांची जिम आहे. कोपऱ्यात एक पंचिंग बॅग लटकते. पोरं ग्लोव्हज घालून तिच्यासमोर फोटो काढतात आणि ग्लोव्हज परत खुंटीला लावतात. मारामारी बघायची तर मोबाईलवर परदेशातली, पिंजऱ्यात होणारी बघतात. बाकीची पोरं पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावतात. त्यांच्यातल्या एकाला मी बॉक्सिंगबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "त्यानं नोकरी लागते का, गुरुजी?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी निवृत्त होऊन तुमसरजवळ सिहोऱ्याला, माझ्या गावी परत आलो.

मागच्या वर्षी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर तुमसरच्या बसची वाट बघत होतो. एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात औषधांची पिशवी.

"तुम्ही घंटीवाले गुरुजी आहात न जी?"

मी ओळखलं नाही. तिने पदर तोंडावर धरला, लॉनवर पहिल्या रांगेत धरला होता तसा, आणि मग ओळखलं.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"हाय." मग म्हणाली, "नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डोस्क्याले मार बसला हाय, आता असंच राहीन. मले ओळखतेत, पोरीले कधी ओळखतेत, कधी नाही. पण रोज दुपारी चार वाजता उठतेत आन् आंगणात लढतेत. कोणासंग लढतेत ते मले समजत नाही. तुम्ही त्या खेळातले आहात. एकदा येऊन पाहा न, गुरुजी."

पुढच्या रविवारी मी गेलो. साकोलीवरून सानगडी, तिथून पायी. सारवलेलं अंगण, एका बाजूला धानाच्या तणसाचा ढीग, पलीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता. केस पांढरे झाले होते, आणि तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्याने मान हलवली, जशी कोणालाही हलवतात तशी.

"भिंतीवरचं घड्याळ मी काढून ठेवलं," बायको हळूच म्हणाली. "तरी उठतेत."

अंगणाच्या मधोमध कुत्रं झोपलं होतं. चारला दोन-तीन मिनिटं असतील, ते आपणहून उठलं आणि भिंतीच्या कडेकडेने जाऊन दारामागे बसलं. मग तो उठला. तणसाच्या ढिगाशी गेला, तिथल्या लाकडी पाटावर बसला, उभा राहिला आणि हात वर घेतले.

सवयीने मी मोबाईलवरचं स्टॉपवॉच सुरू केलं.

तो चांगला लढत होता. एवढ्या वर्षांनी, त्या थरथरत्या हातांनी. पाय मात्र थरथरत नव्हते. तो थांबला, पाटावर जाऊन बसला. मी मोबाईलकडे पाहिलं, तीन मिनिटं. तो उठला, एक मिनिट. मला वाटलं, योगायोग. दुसरा राउंड, तीन मिनिटं. तिसरा, तीन मिनिटं. चौथ्यापासून मी त्याच्याकडे बघणं सोडलं, नुसत्या आकड्यांकडे बघू लागलो. पाचव्या राउंडच्या मध्यात वर पाहिलं तेव्हा त्याची नजर दिसली. ती समोर नव्हती. खाली होती, बुटक्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणि सारखी डावखुऱ्या हाताच्या बाजूला सरकत होती. तो कोणाशी लढत होता ते मला कळलं. त्या रिकाम्या जागेत तो माणूस कुठे उभा आहे, हेही मला बोट दाखवून सांगता आलं असतं.

"कोण हाय?" बायकोने विचारलं.

"थांब," मी म्हणालो.

सहावा राउंड सुरू झाला. संपायला दहा सेकंद उरले तेव्हा कोणीही फळी वाजवली नाही, तरी त्याचे खांदे ताठ झाले आणि तो तुटून पडला. तीन मिनिटं झाली. तो थांबला नाही. पाच सेकंद. आठ. माझा उजवा हात आपोआप वर उचलला गेला होता, मुठीत काहीही नव्हतं. अकराव्या सेकंदाला त्याचं डोकं फाटकन एका बाजूला गेलं. त्याला कोणी शिवलं नव्हतं, साधं वारंसुद्धा नव्हतं. तो गुडघ्यांवर आला, मग बसला. कानशिलावर कातडी लाल झाली होती. आता सांगतो तर माझा मलाच विश्वास बसत नाही, पण त्या वेळी मी ती पाहिली.

"रोज असंच पडतेत," बायको म्हणाली आणि त्याला उठवायला गेली.

मी तेव्हा तिला काही सांगितलं नाही. सिहोऱ्याला येईपर्यंत बसमध्ये एकच विचार होता. मला वाटलं, घंटा वेळेवर वाजली तर तो मार चुकेल. गणिताच्या मास्तरचा विचार तो. घंटा घरात माळ्यावर होती. चिंच लावून घासली आणि पुढच्या रविवारी पिशवीत घालून परत गेलो.

पाच राउंड मी वाजवले. प्रत्येक वेळी तो घंटेवर थांबला, बायकोच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. सहाव्यात मी फळी म्हणून पाटावर टकटक केली. बरोबर तीन मिनिटांनी हातोडी मारली. घंटा अंगणभर घुमली.

तो थांबला. हात तसेच अर्धे वर. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा मला ओळखल्यासारखं पाहिलं. मग खालच्या आवाजात, कोणाच्या तरी कानाशी बोलावं तसा बोलला.

"थांबा गुरुजी, थांबा. आता पडते तो."

ते शब्द माझ्या कानात बोलले गेले होते. मधे दोरखंड होता, लोक ओरडत होते, त्याचं सगळं लक्ष समोर होतं. त्याला ते ऐकू येणं शक्य नव्हतं असं मी आजही म्हणतो. पण म्हणतो एवढंच.

तो परत समोर वळला, आणि अकराव्या सेकंदाला पडला.

त्याची बायको परसात लाखोळीची डाळ निवडत बसली होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आयोजकाचं सांगितलं, माझंही सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत. खडे एकीकडे, डाळ एकीकडे.

"तुमाले माहीत होतं, वेळ झाली म्हणून?"

"हो."

"समोर घड्याळ होतं?"

"हातात होतं."

तिने आणखी एक मूठ डाळ पुढे ओढली. मग ती म्हणाली, "मले कायले सांगता जी? मी होती का तिथं लढाले? ज्याले मार बसला त्याले सांगा."

मी उठून अंगणात गेलो. त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. संपल्यावर त्याने विचारलं, "गोदामावर पोट्टे येऊन राहिले का?"

"नाही रे. आता कोणी येत नाही."

"मंग घंटी कोणासाठी वाजवता?"

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला. ती माफी होती की नुसता हात होता, ते मी ठरवत नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"गुरुजी, काल सहाव्या वेळी हे पडले नाहीत."

मला आनंद झाला. तेवढ्यात ती म्हणाली, "पाटावर जाऊन बसले आन् परत उठले. सातव्यांदा."

"सातवा राउंड नसतो. सहाचीच लढत होती ती."

"ते मले काय माहीत जी. सात झाले, आठ झाले. दिवस बुडाला तरी चालूच. श्वास लागला, तोंडातून फेस आला. मी अन् पोरीनं धरून खाली पाडलं तेव्हा थांबले. आजबी तसंच. याचं संपन कधी?"

तो मार होता तोवर त्या लढतीला शेवट होता. मी जाऊन सगळं सांगितलं आणि तेवढा एक शेवटही त्याच्याकडून काढून घेतला, असं मला त्या फोनवर पहिल्यांदा वाटलं. मी म्हटलं, उद्या येतो, आपण नागपूरला जाऊ.

गेलो. डॉक्टरांनी औषध बदललं, गोळ्या वाढवल्या. आता तो दुपारी तीनलाच झोपतो आणि दिवेलागणीला उठतो. त्याची बायको म्हणते, बरं झालं, या पावसाळ्यात कित्येक वर्षांनी धानाच्या रोवण्याला पूर्ण दिवस जाता आलं. मीही बरं झालं म्हणतो. महिन्यातून एकदा तरी जातो. चार वाजता त्याच्या खाटेशी बसलेलो असतो. चादरीवर त्याची बोटं आवळतात, सैल होतात, परत आवळतात. मी मोबाईल खिशातून काढत नाही.

या दिवाळीनंतर नागपूरहून एका तरुणाचा फोन आला. ते नवी प्रोफेशनल लीग सुरू करताहेत, विदर्भातल्या पोरांसाठी. जुन्या कोणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता. म्हणाला, अनुभवी टाइमकीपर मिळत नाही. मी विचारलं, पोरं मिळतात का? तो म्हणाला, पोरं मिळतात सर, बघणारे मिळत नाहीत, पण ऑनलाइन दाखवू. मी नाही म्हटलं. तो जरा हिरमुसला, मग म्हणाला, "हरकत नाही. ॲप आहे आमच्याकडे. तीन मिनिटं झाली की आपोआप वाजते, कोणी हात लावायची गरज नाही." मी त्याला विचारलं, डॉक्टर राहील ना रिंगपाशी? तो म्हणाला, बघतो.

परवा सानगडीला गेलो तेव्हा तो जागा होता, अंगणात बाकावर बसून उन्हाकडे पाहत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"कोण जी तुम्ही?" त्याने विचारलं.

"सिहोऱ्याचा मास्तर."

"काय शिकवता?"

"गणित शिकवायचो. आता निवृत्त झालो."

"बसा न मंग," तो म्हणाला आणि बाकावर थोडा सरकला. आतून त्याच्या बायकोने विचारलं, चहात साखर चालते का गुरुजीले. मी बोलायच्या आत तोच म्हणाला, चालते.